कातऱ्याचा डावा हात

मेंढी आडवी पाडली की तिचे पाय वहिनीने धरायचे, हे लग्नापासूनचं ठरलेलं होतं. कातर उचलायच्या आधी कातऱ्या डावा तळहात मेंढीच्या पोटावर ठेवायचा. मग अंगठ्याने कातडी वर ओढायची, बोटांनी खाली दाबायची, आणि त्या ताणलेल्या जागेवरून कातर सरसर जायची. उजवा हात नुसती उघडमीट करतो, ते काम कुणीही आठवड्यात शिकतं. डाव्याला शिकायला सात-आठ हंगाम लागतात. म्हाताऱ्या मेंढीच्या कातडीला चुण्या असतात, आणि चुणी कातरीत सापडली की मेंढी फाटते. कातऱ्याच्या हाताखाली मेंढी फाटत नसे. म्हणून आसपासच्या गावांतले कळपवाले त्याच्यासाठी थांबायचे, आणि त्याच्या धाकट्या भावाला फक्त पोत्यात लोकर भरायला बोलवायचे.

धाकटा तिला वहिनी म्हणे, म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणू लागले होते. वयाने तिच्या दुप्पट असलेले कळपवालेसुद्धा. तिने ते मनावर घेणं केव्हाच सोडलं होतं.

त्या वर्षी हंगामाच्या चौथ्या दिवशी कातऱ्याने दुपारचं जेवण उचलून कळपाच्या कुत्र्यापुढे ठेवलं. चार महिने गिळणं अवघड होत चाललं होतं. आधी बटाटा अडकायला लागला, मग अंडं, मग दुधात कालवलेलं काहीही. आवाज फाटका झाला होता. गावातल्या दवाखान्यात खोकल्याचं औषध दिलं, ते तेवढं मात्र विनातक्रार घशाखाली उतरायचं. शेवटी मोठ्या इस्पितळात घशातला तुकडा काढून तपासला आणि जे निघायचं ते निघालं.

मोठ्या डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या आणि बोलताना समोरच्याच्या गळ्याकडेच बघायच्या. त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या.

"घसा आणि आवाजाची पेटी, दोन्ही काढावं लागेल. मग इथपासून इथपर्यंत काहीच उरत नाही. तिथे आपण नवी नळी बसवायची. तुमच्याच अंगाच्या कातडीची."

"कातडी लावून काय होणार?" धाकट्याने विचारलं. "वाळून नाही जाणार?"

"नुसती नाही लावत. तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढायची आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवायची. जिवंत राहते ती. हाताची सगळ्यात चांगली, पातळ असते, छान वळते. नाहीतर मांडीची." त्यांनी कातऱ्याची डावी बाही वर केली. "तुम्ही कुठल्या हाताने काम करता?"

"उजव्या," कातऱ्या म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. जगातल्या कुठल्याही कातरणाऱ्याला विचारलं तर तो कातर धरतो तोच हात सांगणार. त्या क्षणी वहिनीलासुद्धा त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाईंनी त्याचं डावं मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं, त्याला मूठ उघडमीट करायला लावली. तळवा पांढराफटक पडला. मग एक अंगठा उचलला आणि तळव्यात रक्त परत भरताना बघितलं. "छान. एक रक्तवाहिनी काढली तरी दुसरी हात सांभाळेल." मग त्या हातावरून बोटं फिरवत राहिल्या. "काय लावता हो याला? इतकी मऊ कातडी मी नाही बघितली."

"लोकरीचं तेल," वहिनी म्हणाली. "लोकरीतच असतं ते. लावायला लागत नाही."

"आणि केसही नाहीत फारसे. बरं आहे. हातावर केस असले तर नंतर घशात उगवतात."

बाहेर आल्यावर धाकट्याला ते फारच आवडलं. "दादा, केस आले असते तर हंगामाला तुलाच आडवा पाडून आतून कातरला असता." कातऱ्या हसला. बऱ्याच दिवसांनी हसला आणि हसताना खोकला.

ऑपरेशनला आठ दिवस होते. तोवर त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही, ओरखडा येऊ द्यायचा नाही, जखम तर अजिबात नको, असं बजावून सांगितलं होतं. बसमध्ये कातऱ्या हात मांडीवर घेऊन बसला होता, शेजारच्या माणसाचा धक्का लागू नये म्हणून खिडकीकडे सरकून. वाटेत त्याने तिला तीनदा विचारलं, "गिळता येईल म्हणाल्या ना?"

"हो."

"बटाटा जाईल?"

"जाईल म्हणाल्या. हळूहळू."

आवाज जाणार याबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही. चार महिने भुकेला माणूस, त्याला बोलण्याचं काय पडलंय, असं वहिनीला वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

तिने जुन्या कांबळ्याची बाही शिवून त्या हातावर चढवली. घरात सगळे त्या हाताला पाहुण्यासारखं जपू लागले. म्हातारी सासू मांजर घरात येऊ देईना. दोन्ही मुलींना बापाच्या डाव्या बाजूला बसायची बंदी झाली. आणि कळप तर थांबलेले होते, म्हणून मेंढवाड्यात आता कातर धाकट्याने धरली.

तिसऱ्या दिवशी वहिनी पाय धरून बसली होती आणि धाकटा घामाघूम होऊन कातरत होता. त्याचा डावा हात मेंढीवर नुसता टेकलेला असे, टेबलावर ठेवावा तसा. चौथ्या मेंढीला बगलेखाली बोटभर चीर गेली. कळपवाल्याने राख आणून चिरीत दाबली. सहाव्या मेंढीला दोन चिरा गेल्या.

"वहिनी," कळपवाला म्हणाला, "मी लोकर द्यायला बोलावलंय, कातडी द्यायला नाही."

धाकटा लालेलाल झाला. वहिनीने वर बघितलं. कातऱ्या कुंपणाला टेकून उभा होता, आणि कांबळ्याच्या बाहीतून बाहेर आलेली त्याची बोटं हवेत चालली होती. अंगठा वर ओढत होता, बोटं खाली दाबत होती. धाकटा जिथे चुकत होता तिथे तो कुंपणावरून कातडी ताणत होता. तेव्हा तिला कळलं.

दुपारी तिने त्याला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"तुम्ही बाईंना सांगितलं नाहीत."

"काय?"

"काय म्हणजे? हाच हात आहे तो. याचीच कातडी काढली तर अंगठ्यामागे बधिर राहतं म्हणाल्या होत्या. मनगट आखडतं म्हणाल्या."

"कुठल्या हाताने काम करता विचारलं. सांगितलं मी."

"त्यांना काय ठाऊक मेंढी कशी कातरतात?"

"मग नसू दे ठाऊक." त्याला एवढं बोलायलाही दोनदा थांबावं लागलं. "तिथे बाकावर तो माणूस होता. पिवळ्या सदऱ्यातला. त्याला मांडीची घातलीय. जाड असते ती. पाणी प्यायला तर नाकातून आलं त्याच्या. बघितलंस ना?"

तिने बघितलं होतं. त्या माणसाच्या बायकोने पदराने त्याचं नाक पुसलं होतं आणि दोघांनीही कुठेतरी दुसरीकडेच बघितलं होतं.

"मला जेवायचंय," कातऱ्या म्हणाला. "बाकी धाकटा बघेल."

दोघांनीही मेंढवाड्याकडे बघितलं. धाकटा राख शोधत होता.

पुढचे चार दिवस वहिनीच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. सासू, दोन मुली, धाकटा आणि ती स्वतः, पाच माणसं त्या एका तळहातावर जेवत होती. त्यातून तिला नवऱ्याची दया येई आणि लगेच रागही येई. स्वतःच्या घशापुरतं बघतोय, असं मनात यायचं. मग त्याच्या गळ्याखालची हाडं दिसायची आणि ती स्वतःलाच चार शिव्या द्यायची.

भरती केलं त्या दिवशी दुपारी एका तरुण डॉक्टरने कातऱ्याच्या डाव्या हातावर निळ्या पेनाने लांबट चौकोन काढला आणि रक्तवाहिनीची रेघ ओढली. संध्याकाळी मोठ्या बाई फेरीला आल्या, तपासून गेल्या, आणि दारापर्यंत पोचल्या. वहिनी स्टुलावरून उठली. आपण उठलो हे तिला चार पावलं गेल्यावर समजलं.

"बाई, तो हात कामाचा आहे."

"उजव्याने काम करतात ना ते?"

"कातर उजव्यात असते. पण मेंढी डाव्याने कातरतात." तिला नीट सांगता येईना. तिने बाईंच्या कोटाची बाही धरली, अंगठ्याने वर ताणली, बोटांनी खाली दाबली. "असं. हे नाही केलं तर मेंढी फाटते. अंगठ्याला कळायला लागतं, कातडी किती जाड आहे ते."

बाई आपल्या ताणलेल्या बाहीकडे बघत राहिल्या. मग परत खाटेपाशी आल्या. कातऱ्याने सगळं ऐकलं होतं.

"हे खरं आहे का?"

त्याने मान हलवली.

"मग आधी का नाही बोललात?" त्यांनी खुर्ची ओढली. "हे बघा, दोन्ही चालतं. हाताची पातळ, तिने गिळणं जरा लवकर जमतं. मांडीची जाड, पण तुमच्या अंगावर मांस राहिलंय कुठे, फार जाड नसेल. वेळ लागेल, सराव लागेल. हात मात्र शाबूत राहील. निर्णय तुमचा. मी तुम्हाला ढकलणार नाही."

धाकटा पिशवी छातीशी धरून उभा होता आणि फरशीकडे बघत होता. वहिनी खाटेच्या दांड्याकडे बघत होती. चार माणसांसमोर, मला जेवायचंय, बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, असं कुठला कर्ता पुरुष म्हणणार? ते तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती चारचौघांत बोलली होती, हेही तिला त्याच वेळी कळलं.

"मांडी घ्या," कातऱ्या म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

सकाळी त्याला चाकांच्या खाटेवर घालून नेताना ती दारापर्यंत सोबत गेली. यानंतर आवाज असणार नव्हता. धाकट्याने फोन पुढे करून "दादा, काहीतरी बोल, मुलींसाठी ठेवू," म्हटलं, पण त्याने फोन बाजूला सारला. दाराशी खाट थांबली. त्याने तिला खुणेने जवळ बोलावलं. ती वाकली.

"हात बघितलास," तो म्हणाला. "माझा घास नाही बघितलास."

दार उघडलं आणि खाट आत गेली.

आठला आत नेलेला माणूस संध्याकाळी सात वाजता बाहेर आला. अकरा तास वहिनी त्याच दाराकडे तोंड करून बसली होती. धाकट्याने दोनदा चहा आणला, तो त्यानेच प्यायला. तिच्या कानात ती दोन वाक्यं फिरून फिरून येत होती आणि त्यांना उत्तर द्यायची सोय उरलेली नव्हती. तिने भांडायचं म्हटलं तरी पलीकडून आता कुणी भांडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला आत बसू दिलं. मानेला खाली भोक होतं आणि श्वास त्यातूनच यायचा जायचा. नाकात नळी, मांडीला जाड पट्टी. मानेच्या टाक्यांमधे नाण्याएवढा कातडीचा तुकडा बाहेर ठेवला होता.

"नळी आत आहे, ती दिसत नाही," सिस्टरने समजावलं. "म्हणून तिचाच हा एक तुकडा खिडकीसारखा बाहेर ठेवलाय. हा गुलाबी तर आतली गुलाबी. मी तासातासाला बघते. यांनी मान फिरवायची नाही, गळ्याभोवती काही आवळायचं नाही."

सिस्टर बोट दाबायची, तुकडा पांढरा पडायचा, आणि दोन-तीन आकडे मोजेपर्यंत गुलाबी व्हायचा. वहिनी तोंडाने काही न म्हणता मोजायची. ही मांडीची कातडी तिनेच तिथे नेऊन बसवली होती, असं तिला वाटे. ती जगली तर डॉक्टरांचं नाव आणि मेली तर तिचं. कातऱ्या जागा असला तर छताकडे बघायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर बघून गेली आणि थोड्या वेळाने वहिनीला तुकडा वेगळा दिसला. काळा नाही, पण वांग्याच्या देठाजवळ असतो तसली झाक. तिने पडदा सरकवला, उजेड नीट घेतला. झाक गेली नाही. मेंढीची कातडी लोकरीखाली कशी दिसते आणि बांधलेल्या पायाला दोरी जास्त आवळली की खूर कसा दिसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी ती उठेना. एकदा तोंड उघडलं होतं, त्याचं काय झालं ते समोर पडलं होतं. सिस्टर बघूनच गेलीय, तासाने येईलच. आपण कोण सांगणार? भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोन घरं सरकला. मग तीन. कातऱ्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो घाबरला.

ती धावत सुटली. इतकी की कोपऱ्यावर पाण्याची कळशी घेऊन येणाऱ्या बाईवर आदळली.

सिस्टरने सुईने तुकडा टोचला. लालभडक यायला हवं ते रक्त गडद आलं, आणि भराभर आलं. मग सगळेच धावले. अर्ध्या तासात त्याला पुन्हा आत नेलं. यावेळी दाराशी खाट थांबली नाही.

चार तासांनी बाई बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. "रक्त बाहेर नेणारी नस तुंबली होती. गाठ काढली, परत शिवलं. आता रंग चांगला आहे. लवकर कळलं म्हणून."

"मांडीची होती म्हणून तुंबली का?"

"नाही. हाताची असती तरी तुंबू शकली असती."

"खरं सांगताय?"

बाई तिच्याकडे, गळ्याकडे नव्हे, बघून म्हणाल्या, "मी पेशंटच्या बायकांना खोटं सांगायचं सोडून दिलंय. त्यांना कळतंच."

तरी वहिनीला निम्मंच खरं वाटलं. उरलेलं निम्मं ती घरी घेऊन आली.

बाराव्या दिवशी त्याला यंत्रापुढे उभं करून पांढरं पाणी प्यायला दिलं आणि आत फोटो काढले. एका टाक्याशी थेंबभर पाझर निघाला. तोंडाने काही नाही, अजून दहा दिवस, असं सांगितलं. त्या दहा दिवसांत कातऱ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस जेवायला लागला की डोळे मिटून घ्यायचा. दहा दिवसांनी पाझर बंद झाला होता. पहिला चमचा पाणी खाली गेलं. दुसऱ्या चमच्याचं नाकातून आलं. त्याने पाठ फिरवली आणि स्वतःच नाक पुसलं.

मग पाच-सहा आठवडे लाईट, म्हणजे किरणांचे शेक, घ्यायला जाणं-येणं झालं. घसा आतून भाजला, सुरू झालेलं पाणी परत नाकातल्या नळीवर आलं. नळी निघायला आणखी महिना गेला. घरी मुली त्याच्या ओठांवरून शब्द ओळखायला शिकल्या. सासूला नीट दिसत नसे, ती त्याच्या तोंडाला हात लावून बघायची. धाकट्याशी तो हातवाऱ्यांनी भांडायचासुद्धा. वहिनीपुढे मात्र ओठ हलायचे नाहीत. हो असेल तर मान खाली, नको असेल तर आडवी. लिहिता त्याला येत नव्हतंच. इस्पितळाच्या दाराशी जे बोलून ठेवलं होतं त्यावर त्याने दुसरा शब्द म्हणून ठेवला नाही. सहा महिने ती त्याच वाक्याशेजारी निजली आणि उठली.

वर्षातला दुसरा हंगाम आला. मेंढवाड्यात पहिल्या दिवशी त्याने डावा तळहात मेंढीच्या पोटावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. वहिनीने पाय घट्ट धरले. मग अंगठा वर गेला, बोटं खाली, कातर सुटली. लोकर एकसंध उतरली, खाली कातडी गुलाबी, एक ओरखडा नाही. कळपवाल्याने पोतं आणायला धाकट्याला हाक मारली. कातऱ्याला पाय ओढत चालावं लागे आणि वाकलं की मानेच्या भोकाशी धूळ जाई म्हणून त्याने ओलं फडकं बांधलं होतं, सैल. दुपारपर्यंत पूर्वीच्या निम्म्याच मेंढ्या झाल्या, पण एकही फाटली नाही.

दुपारी सगळे सावलीत जेवायला बसले आणि कातऱ्या आपला वाडगा घेऊन भिंतीमागे गेला. लोकांसमोर तो जेवत नसे. दुधात पातळ केलेला बटाटा होता. एक चमचा घ्यायचा, मान डावीकडे वळवायची, बोटाने गळा खालून वर दाबायचा, गिळायचं, थांबायचं, मग पुन्हा गिळायचं. दहा घासांना पाऊण तास. सगळ्यांची जेवणं झाली, हात धुऊन झाले. आभाळ भरून येत होतं, आणि भिजलेली मेंढी कातरता येत नाही.

"वहिनी, आवरा म्हणावं त्याला," कळपवाला म्हणाला. "पाऊस आला तर उद्याचा दिवस जाईल. संध्याकाळी जेवेल की सावकाश."

भिंतीमागे ते ऐकू गेलं. कातऱ्या तोंडातला घास तसाच ठेवून उठला, वाडगा दगडावर ठेवला आणि सदऱ्याला हात पुसत निघाला. अर्ध्याहून जास्त वाडगा भरलेला होता.

वहिनी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बसा."

त्याने आभाळाकडे बोट केलं.

"भिजू देत. सगळा कळप भिजू दे." तिने मागे वळून कळपवाल्यालाही सांगितलं, आवाज न चढवता. "ते जेवतायत. वाडगा संपला की येतील. तुम्हाला थांबायचं नसेल तर दुसरा माणूस बघा."

कळपवाल्याने आभाळाकडे बघितलं. धाकटा पोत्यावर बसला. ती कातऱ्याला दंडाला धरून परत दगडापाशी घेऊन गेली, बसवलं, वाडगा हातात दिला आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. आजवर ती त्याच्यासमोर अशी बसली नव्हती. त्याला लाज वाटते म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली होती. खरं म्हणजे तिच्याने बघवत नव्हतं.

त्याने चमचा घेतला. मान वळवली, गळा दाबला. गेला. दुसरा अडकला, डोळ्यांत पाणी आलं, नाकातून थोडं आलं. ते त्याने पुसलं नाही. ती बघत राहिली. तो पुन्हा गिळत राहिला आणि तोही गेला. भिंतीपलीकडे मेंढ्या ओरडत होत्या.

तिसरा चमचा तोंडाशी नेऊन तो थांबला. तिच्याकडे बघून त्याचे ओठ हलले.

"काय?" ती म्हणाली.

ओठ पुन्हा हलले. तिला कळेना. मुलींना कळलं असतं, तिला सवयच नव्हती. तिला वाटलं, आता पुन्हा इस्पितळाच्या दाराशी म्हटलेलं तेच असेल.

"हळू बोला. मला येत नाही तुमचं वाचायला."

त्याने चमचा वाडग्यात ठेवला आणि एकेक अक्षर सुटं करून, कपाळाला आठ्या घालून, लग्नानंतर पहिल्या महिन्यापासून म्हणत आला होता तसं म्हटलं.

अळणी आहे.

ती उठली. मेंढ्यांना चाटायला ठेवलेल्या खडे मिठाची पाटी कुंपणाशी होती. कळपवाला, धाकटा आणि अख्खा कळप बघत असताना तिने त्यातला एक खडा उचलला, पदराला पुसला, दगडावर ठेचला, आणि चिमटीत मीठ घेऊन डोळे पुसत भिंतीमागे धावली.